भार्गवपंतांनी न काढलेले पान

एका संस्थानात भार्गवपंत नावाचे विद्वान राहत. देशोदेशी माणसे एकत्र कशी नांदतात, हे ताडून पाहण्याचा त्यांना ध्यास होता. त्यापायी ते सात वर्षे समुद्रापलीकडे राहिले आणि त्यांनी एक ग्रंथ लिहिला.

तिथल्या विद्यापीठात एक मोठे पद रिकामे झाले. प्रमुख म्हणाले, "पूर्वेचे लोक ध्यान करतात, आम्ही कारभार करतो, एवढं लिहा. पद तुमचं."

"हे कशावरून ठरवलंत?"

प्रमुखांनी त्यांच्या देशाचा कायद्याचा ग्रंथ आणि आपल्याकडच्या एका बैराग्याचे चित्र शेजारी शेजारी ठेवले. घ्यायची पायली वेगळी, द्यायची वेगळी, अशातली ही लबाडी! पंतांचे डोके तापले.

"कारभाराशी कारभार ताडा, भाबडेपणाशी भाबडेपणा," ते म्हणाले. "आमचे शेतकरी बंधाऱ्याचं पाणी पाळीपाळीने वाटून घेतात, पाळी मोडणाऱ्याला दंड करतात. तुमची शिकलेली माणसं दारावर घोड्याची नाल ठोकतात. मी दोन्ही लिहिलंय."

पद गेले. पंत ग्रंथ घेऊन घरी आले.

ही हकिकत ऐकून राजेसाहेब बेहद्द खूश झाले. ग्रंथ आपल्या खर्चाने छापायचे त्यांनी कबूल केले. पण वाचता वाचता एका पानावर त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"आपल्या गावात काही जणांना विहिरीला शिवू देत नाहीत, हे परक्यांना कशाला सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची, पंत. एवढं पान काढा."

संस्थानात छापखाना तो एकच, तोही राजेसाहेबांचा. एका पानाने काय बिघडणार, असे क्षणभर पंतांनाही वाटले. मग स्वतःचाच राग आला.

"महाराज, परक्यांचे दोष वाचताना आपण माझी पाठ थोपटलीत. हेही त्याच लेखणीने लिहिलंय. पान राहील. नको असेल तर ग्रंथ परत द्या."

राजेसाहेबांनी ग्रंथ परत केला. तो कधीच छापला गेला नाही. पंतांनी स्वतःच्या हाताने त्याच्या अकरा प्रती उतरवल्या. पहिली प्रत त्यांनी विहिरीवर मज्जाव असलेल्या वस्तीतल्या शाळामास्तरांना दिली. मास्तरांनी ते पान आधी मनाशी वाचले. मग ते उठले आणि विहिरीच्या काठावर उभे राहून त्यांनी तेच पान साऱ्या गावाला मोठ्याने वाचून दाखवले.

तात्पर्य: परक्याला ज्या मापाने मोजतो, त्याच मापाने घरच्यांनाही मोजावे, मग कोणत्याही दरबारात मान खाली घालावी लागत नाही.