वाघवेळची टोपली

कोंडवी नदीच्या मुखाशी समोर जो वाळूचा दांडा दिसतो, तो शके सतराशे बावन्नच्या भाद्रपदात झिजून पाण्याबाहेर जेमतेम हातभर उरला होता, असे सांगतात.

दांड्याच्या आडोशाला दांडवाडी आहे. नदीच्या दक्षिणेला वाघवेळ. वाळू येते ती दक्षिणेकडून. पावसात नदीचा लोंढा ती मुखाबाहेर लोटतो, दर्याची ओढ ती उत्तरेला सरकवते, आणि पाणी निवळले की लहान लाटा ती दांड्यावर आणून घालतात.

वाघवेळच्या सोमा तांडेलाने दोन वर्षांपूर्वी किनाऱ्यापासून आत पाण्यात धोंड्यांचा बांध घातला होता. बांधाच्या कुशीत वाळू साठली. मासळी सुकवायला ऐसपैस जागा झाली. गावाने नावाजले. सोमा ताठ माणूस. बांध म्हणजे त्याचा मान.

त्या भाद्रपदात दांडवाडीची म्हातारी भिवराबाय होडीने त्याच्या दारात आली. तिच्या वाडीतली घरांची पुढची रांग लाटांनी नेली होती. उरलेली पुढच्या आषाढात जाणार होती. बांध काढा, असे तिने सांगितले. सोमा म्हणाला, दांडे येतात नि जातात, त्याला मी काय करू. जमलेल्यांत कोणी टोमणा मारला, की दांडवाडीने आता घरांना वल्ही बांधावीत. लोक हसले.

बाई हसू संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "तांडेलानू, पुनवेक तुमी दर्याक घातलेलो नारळ दरवर्सा आमच्या दांड्यार लागता. पोरा फोडून खातत. दोन वर्सां झाली, तो इलो नाय. खंय गेलो, तां बघा."

सोमा ओहोटीला बांधावर गेला. धोंड्यांच्या कपारीत दोन नारळ अडकलेले. एक कुजलेला, एक नवा. नव्याला त्यानेच बांधलेले लाल फडके होते. दर्याला दिलेले दर्या पुढे नेत होता. ते त्याने आपल्या दारात अडवून ठेवले होते.

परत येऊन तो एवढेच म्हणाला, "बांध काढूक होयो."

गाव तयार नव्हते. मासळीची जागा जाणार होती. तो आठ दिवस एकटा धोंडे उपसत होता म्हणे. नवव्या दिवशी बाकीचे उतरले. शिमग्यापर्यंत बांध गेला. पण आषाढ जवळ येत होता आणि दर्याची ओढ आपल्या वेळेने काम करते. म्हणून सोमाने साठलेली वाळू होड्यांत भरली आणि वैशाख सरेपर्यंत टोपल्यांनी दांड्यावर नेऊन घातली. त्या आषाढात लाटा दांड्यावर फुटल्या. दांडवाडीचे एकही घर गेले नाही.

अडवलेले फेडत राहू, असा शब्द सोमाने भिवराबायला दिला. आजही नारळी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी वाघवेळचा तांडेल टोपलीभर वाळू होडीतून आणतो आणि दांड्यावर ओततो. दांडवाडीचा वडीलधारा पुढे होऊन मूठभर हातात घेतो आणि म्हणतो, "पोचली."