आपल्या झाडावरची तपासनीस

त्या राज्यात घरटी विहिरीवर लोंबत, आणि खाली पाणीच असल्यामुळे तपासल्याशिवाय एकही घरटं वापरायचं नाही असा रिवाज होता. तपासनीस ओढ्यापलीकडच्या वडावरून यायचे. सगळ्या रानाची घरटी तपासायला तेच. नंबर लागेस्तोवर गवत वाळून जाई.

मग सुगरण पक्ष्यांतल्या थोरल्यांनी ठरवलं, आपल्याच बाभळीवर आपली तपासनीस ठेवायची. खारीला आणलं. बुंध्यात ढोली दिली, दाणा दिला, हाक ठरवली. हाक आली की तिनं निघायचं, घरट्याला लोंबकळून दणकून झोके घ्यायचे. टिकलं तर दाराशी हिरवं पान, उसवलं तर लाल फूल. मग ढोलीत परतून पुढच्या हाकेची वाट बघायची.

पोरांच्या घरट्यांना लाल फुलं लागली तेव्हा थोरले खूश होते. "शिका जरा!" म्हणाले. मग पिवळेबुवांची हाक आली. त्यांच्या घरट्याचा फांदीवरून लोंबणाऱ्या दोराशी असलेला सांधा पहिल्याच झोक्याला उसवला.

"आमच्याच ढोलीत राहतेस आणि आम्हालाच लाल?" पिवळेबुवा कडाडले. "वडावरचे इतके आडदांड नव्हते."

"वडावरचे तुम्हाला ओळखत नव्हते, बुवा. त्यांच्यावर तुमचा दाब चालत नव्हता."

"जास्त बोलू नकोस. ढोली रिकामी करायला वेळ लागत नाही."

थोरल्यांची बैठक बसली. जन्मभर एकच गाठ मारलेल्या या मंडळींनी गाठ बदलली नाही, झोका बदलला. वारा पडल्यावर, फांदीला एक पाय टेकवून, हलक्या पंजानं. त्या दिवसापासून बाभळ कशी हिरवीगार!

पिवळेबुवांचं घरटं, त्याच गाठीनं पुन्हा बांधलेलं आणि आता हिरवं पान मिळालेलं, लव्हीच्या वाट्याला आलं. पहिलटकरीण होती ती. ढोलीशी येऊन म्हणाली, "खारताई, पानाचं जाऊ दे. तू सांग, यात अंडी घालू?"

खारीनं मागे वळून आपला साठवलेला दाणा पाहिला.

"घाल, बाई," ती म्हणाली.

पिल्लांना अजून पिसं फुटायची होती, तेव्हा वारा आला. कुणाच्या बैठकीला न विचारता आला.

सकाळी लव्ही विहिरीच्या काठावर पाण्याकडे बघत बसली होती. रडतही नव्हती. वर थोरले जमले होते, वाऱ्याचा निषेध करायला.

पिवळेबुवांच्या फांदीला नुसता दोर लोंबत होता. हाक आली नव्हती, तरी खार वर चढली. त्या रिकाम्या दोराला लोंबकळून, दातओठ खात, ती झोके घेऊ लागली. दोर काही तुटेना. लव्हीनं एकदा वर पाहिलं आणि मान वळवली.