अख्ख्या रस्त्याला वहाणा

आंबेरीच्या जहागीरदारांना दोन राण्या. चैत्रातल्या जत्रेला बायाबापड्या तापल्या फुफाट्यातून अनवाणी येतात हे पाहून धाकट्या बाईसाहेबांनी वहाणा काढल्या आणि देवीपर्यंत त्यांच्यासोबत चालत गेल्या. टाचांना फोड आले, पण ते पाहून पेठेतले शेठ वरमले आणि गोरगरिबांना वहाणा वाटल्या गेल्या. ज्याच्या त्याच्या तोंडी धाकट्या बाईसाहेबांचंच नाव.

थोरल्या बाईसाहेबांच्या अंगाचा तिळपापड झाला. सवतीचं कौतुक ऐकून त्यांच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी त्याही अनवाणी निघाल्या. मात्र थोरल्या राणीचा पाय मातीला लागू द्यायचा नाही ही घराण्याची रीत, म्हणून नोकरांनी देवळापर्यंत पायघड्या अंथरल्या. त्यात काही वावगं आहे असं बाईंच्या मनातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी भर दरबारात त्यांनी फटकळ तोंडाच्या भास्करपंतांना गाठलं. "पंत, अनवाणी आम्हीही चाललो. आता सांगा, थोर कोण? आणि वतन टिकवायचं असेल तर जीभ सांभाळून सांगा."

पंतांनी हात जोडले. "थोर आपणच, बाईसाहेब. धाकट्या बाईसाहेबांमुळे चार गरिबांच्या पायांत वहाणा आल्या. आपण तर अख्ख्या रस्त्यालाच वहाणा घातल्यात."

हसायची कुणाची छाती झाली नाही. धाकट्या बाईसाहेबांनी तेवढा पदर तोंडाला लावला. थोरल्या बाईंनी आपले लोण्यासारखे मऊ तळवे निऱ्यांखाली ओढून घेतले. आजवर त्यांना सवतीच्या कौतुकाचा हेवा वाटत होता. आज पहिल्यांदा तिच्या फोडांचा वाटला.