कवडीच्या घासाची कहाणी

घेतल्या व्रताला का म्हणून विचारू नये, असं म्हणतात. ऐक कवडे, तुझी कहाणी.

खाडीकाठी एक आटपाट नगर होतं. तिथं एक भाताचा व्यापारी होता. त्याला दोन लेक, दोन सुना. थोरली सून कामं सांगे, धाकटी ती करी. धाकटीचं नाव द्वारका. ती माप ओलांडून घरात आली, तेव्हा सासूनं पहिली गोष्ट सांगितली, "घेतल्या व्रताला का म्हणून विचारू नये." मग जावेनं तेच सांगितलं. मग मामंजींनी तेच सांगितलं. धाकटीनं मान खाली घालून तिघांना हो म्हटलं. तेव्हा तिला ते सोपं वाटलं.

घरात भाताची कोठी होती. कोठीला उंदीर होते. उंदरांवर कवडी होती. पांढरी मांजर, पाठीवर पिवळट ठिपके. घरात रोज मासे शिजत. डोकं-शेपूट कवडीला मिळे, आणि कवडी उशीसारखी गुबगुबीत होती.

चैत्रात धाकटीचा नवरा गलबतात माल भरून लांबच्या मुलखी गेला. पावसाळा लागला. निरोप नाही, पत्र नाही. सासूचा डोळ्याला डोळा लागेना. मग तिनं आषाढी एकादशीला हातावर पाणी घेतलं. म्हणाली, "कार्तिकीपर्यंत या उंबऱ्याच्या आत मासा येणार नाही, अंडं येणार नाही. माझा लेक सुखरूप येऊ दे." धाकटीनंही हात जोडले. गलबतावरचा माणूस तिचाही होता.

त्याच आठवड्यात कवडी कोठीमागे व्याली. तीन पिल्लं झाली. दोन बोक्यानं नेली, एक राहिलं. धाकटीनं त्याचं नाव शिंपली ठेवलं. कवडी पिल्लाला सोडून हलेना. सासूनं तिच्यापुढे दूध-भाताची वाटी ठेवली. "पवित्र अन्न आहे," म्हणाली, "खाईल आणि दुवा देईल."

कवडीनं खाल्लं. खाल्लं, आणि तिचं पोट बिघडलं. पोट बिघडलं, म्हणून सासूनं आणखी दूध घातलं.

घरात भात जोखायचा तराजू होता. धाकटीनं एका पारड्यात कवडीला बसवलं, दुसऱ्यात सोललेले नारळ घातले. पहिल्या सोमवारी कवडी पाच नारळ भरली. दुसऱ्या सोमवारी चार भरली. तिसऱ्या सोमवारी तीनच नारळ घातले, तरी कवडीचं पारडं वर राहिलं. तिच्या बरगड्या बोटांनी मोजता येत होत्या. उंदीर तिच्यासमोरून चालत जाऊ लागले.

मग धाकटी सासूकडे गेली. "सासूबाई, कवडी वाळतेय. तिला मासा हवाय."

सासूनं मीठ-मोहऱ्या घेतल्या, कवडीवरून ओवाळल्या, चुलीत टाकल्या. "नजर लागलीय तिला. आणि तुला सांगितलं होतं ना, विचारू नये म्हणून?"

मग ती जावेकडे गेली. "वहिनी, कवडी वाळतेय."

"वाळेल नाहीतर काय? बाळंतीण आहे. तिला डिंकाचे लाडू करून घालतेस का? विचारू नये म्हणून सांगितलं होतं."

मग ती मामंजींकडे गेली. मामंजी पोथी वाचत होते. त्यांनी ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "जीवदया थोर खरी. पण व्रत त्याहून थोर. विचारू नये, सूनबाई."

आणि बोट पुढच्या ओळीवर गेलं.

श्रावणात एके दुपारी मागच्या दारी एक म्हातारी कोळीण आली. डोक्यावर पाटी. म्हणाली, "सूनबाई, घोटभर पाणी दे गो." धाकटीनं पाणी दिलं, गूळ दिला. म्हातारीची नजर कोठीकडे गेली. तिनं कवडीला एका हातानं उचललं आणि तशीच धरून राहिली.

"काय घालतेस हिला?"

"दूध-भात."

"दूध वासराचं गो. हिचं पोट त्यानंच वाहतंय." म्हातारीनं पाटीवरचं फडकं बाजूला केलं. खाली तीन बोई होत्या, खाडीचे ताजे मासे. "ह्या घे. पाण्यात उकड. काटा काढ, बारीकसुद्धा ठेवू नको. मीठ नको, कांदा नको, लसूण नको, फोडणी नको. चिमूटभर मऊ भात, उकडलेल्या अंड्याचा बलक, आणि बोई उकडल्याचं पाणी वरून. बोटानं कालव. एकदम पोटभर घालू नको, सवय मोडलीय तिची. दिवसातून चारदा, दोन-दोन घास."

धाकटी ऐकत होती. तिच्या मनात आलं, मीठ सोडलं तर हा नैवेद्याचाच सोवळेपणा. कांदा नाही, लसूण नाही, चाखणंही नाही. तिनं हात पुढे केला. मग तिला समुद्र दिसला, गलबत दिसलं. हात मागे घेतला.

"आमच्याकडे व्रत आहे, आजी."

"किती दिवस उरले?"

"तीन महिने."

म्हातारीनं कवडीला खाली ठेवलं. "हिच्याकडे तेवढे नाहीत गो," म्हणाली. पाटी उचलली आणि गेली.

पुढं लोक म्हणाले, ती सटवाईच होती, मांजरीवर बसणारी. असेल. धाकटीनं एवढंच पाहिलं होतं की तिच्या टाचा फुटल्या होत्या आणि मासे खरे होते.

नारळी पौर्णिमा आली. सगळं गाव दर्याला नारळ वाहायला गेलं. घरी नारळीभात झाला, केशर पडलं, लवंगा पडल्या. धाकटीनं केळीच्या पानावर भात घेतला आणि कोठीमागे गेली. कवडीनं भात हुंगला. खाल्ला नाही. मग तिनं धाकटीचं बोट चाटलं, एकदाच, जणू पाहुणीनं नाही कसं म्हणावं म्हणून. डोकं शिंपलीच्या पाठीवर टेकवलं. ते पुन्हा उचललं नाही.

शिंपली तिला पीतच राहिली.

धाकटीनं परसात केळीखाली खड्डा खणला. कवडीला पदरात घेतलं तेव्हा तिला वजनच लागेना. त्या दिवसापासून तिला एकच गोष्ट दिसे. फडक्याखालच्या तीन बोई आणि मागे घेतलेला आपला हात. भात निवडताना दिसे, दिवा लावताना दिसे, देवापुढे हात जोडले की आधी तीच दिसे. नवऱ्यासाठी म्हणून तिनं हात मागे घेतला होता. आता नवऱ्याचा चेहरा आठवायला जावं, तर कवडीचा आठवे.

सासूनं शिंपलीपुढे वाटी ठेवली. वाटीत दूध-भात होता.

त्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी धाकटीनं शिंपलीला तराजूत घातलं. पलीकडे नारळाची एक कवड, नुसती अर्धी वाटी, घातली. शिंपली वर गेली.

मग धाकटी उठली. कुणाला काही बोलली नाही. खाडीवर गेली. म्हातारीला होड्यांच्या तरीवर शोधलं, बाजारात शोधलं, देवळाच्या पायरीवर शोधलं. ती कुठंच नव्हती. दुसऱ्या एका कोळणीकडून बोई घेतली, एक अंडं घेतलं. अंगणात तीन दगड मांडले, गवऱ्या लावल्या, मातीच्या वेगळ्या भांड्यात बोई उकडली. काटा काढला. पुन्हा चाचपला, पुन्हा काढला. मीठ नाही, कांदा नाही, लसूण नाही. बलक कुस्करला, मऊ भात घातला, बोटानं कालवलं. बशी घेतली आणि उंबऱ्याशी आली.

उंबऱ्यात तिघं उभी होती.

सासू म्हणाली, "नवऱ्याच्या जिवावर उठलीस?"

जाऊ म्हणाली, "निदान पिल्लू बाहेर तरी आण. मासा आत कशाला?"

"बाहेर बोका आहे."

मामंजी म्हणाले, "सूनबाई, घेतल्या व्रताला..."

"माझ्या पानात मासा नाही," धाकटी म्हणाली. "कार्तिकीपर्यंत नसेल. व्रत तुम्ही घेतलंत, मी घेतलं. शिंपलीनं हातावर पाणी घेतलं नाही. कवडीनंही घेतलं नव्हतं. ती उपाशी मेली, सासूबाई. वाटी पुढ्यात असताना उपाशी मेली. तेवढ्यानं गलबत वीतभर अलीकडे आलं असेल, तर मला सांगा."

धाकटी एक पाऊल पुढं आली.

"लेकरासाठी तुमचा जीव तुटतो, ते मला दिसतं. तिचाही तुटत होता. मी इथंच होते. मी हात मागे घेतला, आणि ते आता मला जन्मभर पुरेल."

सासू म्हणाली, "पण विचारू नये म्हणून तुला..."

"विचारलं होतं. तिघांना विचारलं होतं. आता विचारत नाही. सांगतेय. सरा."

सासूचा हात चौकटीवर होता, तो खाली आला. जावेनं पदर सावरला. मामंजींचं बोट पोथीत होतं, ते तिथंच राहिलं. धाकटी बशी घेऊन तिघांमधून आत गेली. कोठीमागून तेवढा एक आवाज येत होता, बशी चाटल्याचा.

जशी शिंपली भाद्रपदात अख्ख्या नारळाला भारी झाली, तशी तुमच्या दारची मुकी जितराबं होवोत. जसा धाकटीचा नवरा कार्तिकात सुखरूप आला, तशी तुमची माणसं येवोत. केळीखालच्या कवडीला जसा उशीर झाला, तसा तुम्हाआम्हांकडून कुणाला न होवो. ही तिघांना विचारल्याची कहाणी, एका उत्तरी सुफळ पुरी झाली.