कळस खाली ठेवला

“...मग आमच्याच दारापुढं थांबून, महाराज, आपण पुढं का निघून गेलात?”



कुंथिनाथ चौगुले बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, ओसरीवर महाराजांपुढं गुडघे टेकून विचारत होता. चकल्या-शेव पाडायच्या सोऱ्यांचा त्याचा कारखाना. पंचक्रोशीत नाव. गुडघे टेकायची त्या अंगाला सवय नव्हती, ते दिसतच होतं. मागं त्याची बायको राजमती. रडून रडून तिचे डोळे लाल झालेले.

दिगंबर मुनी दिवसातून एकदाच आहार घेतात, आणि मनात एक खूण धरूनच बाहेर पडतात. लोक आपापल्या दारात उभे असतात, कुणी नारळ घेऊन, कुणी फळ, कुणी कळस. मनातली खूण जिथं दिसेल तिथंच थांबायचं. नाही दिसली तर उपास, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. खूण काय ते कुणाला सांगायचं नाही.

आज महाराज उपाशीच परतले होते. चैत्राचं ऊन, आणि वय ऐंशीच्या पुढं.

“मी सांगते ना काय झालं ते,” राजमती बोलली. “सासूबाईंचा कळस मी ह्यांच्या हातात दिला होता. महाराज थांबले. नजर कळसावर! आणि ह्यांची नजर कुठं? समोर, नांद्र्यांच्या दारात. तिथं आंबे दिसले, की ह्यांनी कळस ठेवला खाली आणि धावत आत जाऊन आंबे आणले.”

“काल नांद्र्याकडंच आहार झाला होता,” कुंथिनाथ पुटपुटला. “म्हटलं, त्याला काहीतरी कळलेलं असणार.”

“डोंबल कळलंय त्याला!”

“राजमती, बस्तीत आहोत आपण.”

“म्हणून तर खरं बोलतेय.”

हा आदगोंडा नांद्रे समोरच राहायचा, आणि कारखाना त्याचाही सोऱ्यांचाच. त्यानं पितळ सोडून अॅल्युमिनियमचा सोऱ्या काढला, कुंथिनाथनं काढला. त्यानं लाल मूठ लावली, ह्यानं लावली. त्यानं सोऱ्यावर किसणी फुकट दिली, ह्यानंही दिली. कुंथिनाथच्या वडिलांच्या वेळेपासून आटे झिजलेला सोऱ्या घेऊन कुठलीही बाई आली, तर कारखान्यात हातोहात दुरुस्त करून मिळायचा. नांद्रे करत नाही, म्हणून तेही बंद. लेकीला लग्नात चौगुल्यांचाच सोऱ्या द्यायचा, असं म्हणणाऱ्या बाया मग कुठं गेल्या, ते ह्यानं कुणाला विचारलं नाही.

आता नांद्र्याकडं पितळेची भट्टी नाही, म्हणून आपलीही मोडायची. भंगारवाल्याचा ट्रक सकाळपासून फाटकाशी उभा होता. ओतकाम करणारी माणसं थंड भट्टीपाशी बसून होती. एवढी अक्कल माणसं कुठून विकत आणतात, कुणास ठाऊक.

“महाराज, धंदा आहे,” कुंथिनाथ म्हणाला. “समोरच्यावर नजर ठेवावीच लागते. मी झोपलो तर तो पुढं जाईल.”

“गेला का पुढं?”

“...गेला.”

“तू जागा असताना?”

कुंथिनाथनं पिशवीतून नवा कोरा सोऱ्या काढला आणि महाराजांसमोर ठेवला. “हा परवा बाजारात येतोय. आपला आशीर्वाद हवा. ह्याच्या तोडीचा माल...”

महाराजांनी हातातली मोरपिसांची पिच्छी हलकेच सोऱ्यावर टेकवली. त्यावर कोरलेलं नाव पिसांखाली गेलं.

“हा कुणाचा?”

“माझा, महाराज.”

“नीट बघ.”

कुंथिनाथनं वाकून बघितलं. मूठ लाल, नांद्र्याच्या सोऱ्यासारखीच. चकत्या तशाच. दट्ट्या तसाच. त्यानं सोऱ्याकडं हात नेला आणि मध्येच थांबवला.

“...नाव दिसल्याशिवाय नाही सांगता येत.”

राजमतीनं पदर तोंडाला लावला.

खिशात फोन वाजायला लागला. भंगारवाला. कुंथिनाथनं तो वाजू दिला, मग बंद केला.

“भट्टी मोडू का नको, महाराज? एवढं एकच सांगा. माणसं बसून आहेत तिथं.”

“भट्टी, चूल, घर... सगळं सोडून आलोय मी. आणि तू मला विचारतोस?”

“मग उद्याचं तरी सांगा. उद्या हातात काय धरू? आपल्याला पुन्हा उपास घडला तर मी कुठं तोंड दाखवू?”

महाराज उठले. उपाशी अंग, तोल सावरायला क्षणभर खांब धरावा लागला. कुंथिनाथ धडपडत पुढं झाला, पण त्यांनी हातानंच त्याला थांबवलं.

“मला उपास घडला तर घडू दे, बाबा... पण उद्या तुझ्या दारात तूच उभा राहा.”