मोराचा बांबूचा आडोसा

डोंगरउतारावरच्या एका जंगलात, ओढ्याच्या काठी एक मोर राहत असे. पलीकडच्या काठावर एक लांडोर रोज संध्याकाळी पाणी प्यायला येई आणि दोन शब्द बोलून जाई. त्या दोन शब्दांसाठी मोर दिवसभर पिसारा साफ करत बसे. पण मुलांनो, पावसाळा सरला की मोराची पिसे गळतात. मग या ऐटबाज गृहस्थांना तोंड दाखवायची चोरी होई.

एकदा लांडोर सहज म्हणाली, "यंदा लवकर गळली वाटतं पिसं?" झाले! मोराला ते फार लागले. तो तडक साळिंदराकडे गेला. जमीन उकरण्यात साळिंदराचा हात धरणारे जंगलात कोणी नव्हते.

"माझ्या अंगणाभोवती दाट काटेरी बांबू लावून दे," मोर म्हणाला. "कोणाची नजर आत येता कामा नये."

"लावीन की," साळिंदर म्हणाले. "पण बाबा रे, पिसं चार-सहा महिन्यांत परत येतात. बांबू एकदा उठला की जागचा हलायचा नाही. विचार कर."

"माझं ठरलंय!"

दोन वर्षे बांबू नुसता गुडघाभर राहिला. तिसऱ्या पावसाळ्यात मात्र कोंबांनी उचल घेतली. आज मोराच्या पायाशी असलेला कोंब उद्या त्याच्या तुऱ्याच्या वर गेलेला असे. बघता बघता चहूबाजूंनी भिंत उभी राहिली आणि वर शेंडे एकमेकांत गुंतले. आत हिरवा, मऊ उजेड भरून राही. खायला किडे-कोंब आणि प्यायला पानांवरचे पाणी आतच मिळे. वाऱ्यावर पाने कुजबुजत आणि मोराला जागेपणीच स्वप्ने पडत. त्या वर्षी त्याची पिसे गळली, ती कोणीही पाहिली नाहीत. मोर अगदी सुखावला.

पुढे पिसारा परत आला, पूर्वीपेक्षाही भरगच्च. आभाळ झाकोळले तेव्हा मोर त्या हिरव्या उजेडात कितीतरी वेळ नाचला. पाहायला मात्र कोणीच नव्हते. त्याला फार एकटे वाटले. इतक्यात ओढ्याकडून लांडोरीचा आवाज आला. ती एका मैनेला सांगत होती, "इथं एक मोर राहायचा. गेला वाटतं कुठंतरी. बोलायला कोणी उरलं नाही, तेव्हा मीही आजच डोंगरापलीकडे जाते."

मोराच्या काळजात चर्र झाले. त्याने जिवाच्या आकांताने हाक मारली, पण ती ढगांच्या गडगडाटात विरून गेली. वर उडायला वाट नव्हती. मग तो डोळे मिटून बांबूत घुसला. काट्यांनी पिसारा ओरबाडला, पिसे तुटून अडकून राहिली. ओढ्यावर पोहोचला तेव्हा त्याच्यामागे जेमतेम सात पिसे उरली होती. लाजेने त्याने मान खाली घातली.

"अगंबाई, इथंच होतात होय!" लांडोर आनंदाने म्हणाली. "आणि मी वाट बघून बघून उगीच निघाले होते."

पिसाऱ्याकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. मग मोर त्या सात पिसांनिशीच नाचला आणि ती अंधार पडेपर्यंत तिथून हलली नाही.

तात्पर्य : चार दिवसांच्या लाजेपायी कायमची भिंत उभारू नये, आपली माणसे आपल्याला शोधत असतात, आपल्या पिसाऱ्याला नव्हे.