तळ्याचा सांडवा आणि आमटीचा द्रोण

“एक थेंब! एक थेंबसुद्धा या तळ्यातून बाहेर जाता कामा नये!” बांधावर उभे राहून भैरोजीराजे गरजले.

समोर तिमा पाथरवट हात जोडून उभा होता. बावीस वर्षांपूर्वी हे तळं त्यानेच बांधलं होतं आणि बांधाच्या एका टोकाला सांडवाही त्यानेच ठेवला होता. तळं भरलं की जादा पाणी त्या वाटेने ओढ्याला लागायचं आणि बांध सुखरूप राहायचा. इतकी वर्षं कुणाची तक्रार नव्हती. पण परवा कुणीतरी राजांचे कान भरले, की तो ओढा पुढे शेजारच्या जहागीरदाराच्या उसाला जातो. झालं! तेव्हापासून राजांच्या घशाखाली घास उतरेना. आणि राजे खाण्याचे भारी शौकीन, म्हणजे मामला गंभीर होता.

“आमचं पाणी आणि त्याचा ऊस? सांडवा बुजवा! आठ दिवसांत दगड-चुन्यानं बंद झाला पाहिजे. आणि वर बांधाला तडा गेला, तर तिमा, तू गडाच्या कोठडीत!”

“बरोबर आहे, सरकार,” दिवाण विसाजीपंत म्हणाले. ते नेहमी हेच म्हणत.

तिमाच्या तोंडचं पाणी पळालं. भर श्रावण, तळं काठोकाठ भरत आलेलं. सांडवा बुजवला तर बांध फुटणार आणि खालच्या वाडीतली साठ घरं वाहून जाणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. पण राजापुढे तोंड उघडणार कोण?

उघडलं त्याच्या लेकीने, हौसाने. त्या साठ घरांत तिचं घर होतं, आणि घरात पाळण्यात तिची चार महिन्यांची पोर होती. हौसाला भीती वाटत होती, पण भीतीपेक्षा राग जास्त आला होता. तो तिने गिळला.

“बुजवू की, म्हाराज! पर शेवटचा चिरा बसायच्या आदी धन्यानं कारागिराच्या घरचं जेवायचं, ही आमची रीत हाय. आठव्या दिवशी हितंच बांधावर पंगत मांडते. पुरणपोळी आन् कटाची आमटी!”

“आमटी?” राजांचा चेहरा उजळला. “झणझणीत?”

“घाम फुटंल अशी!”

“येतो!”

“पोरी, अगं काय बोललीस हे?” राजे गेल्यावर तिमा कळवळला.

“आबा, तुमी चिरे रचा. पर येक चिरा मोकळा ठिवा. बाकीचं माझ्यावर सोडा.”

आठव्या दिवशी राजे पिवळाधमक रेशमी पीतांबर नेसून आले. सांडव्याच्या तोंडात चिरे रचून झाले होते, एकच बाकी होता. पाट मांडले होते, पत्रावळी मांडल्या होत्या. द्रोण मात्र हौसाने स्वतःच्या हाताने ठेवले: एक राजांपुढे, एक दिवाणांपुढे.

“हे काय? माझा द्रोण फाटका!” दिवाण कुरकुरले. त्यांच्या द्रोणाच्या काठाला बाहेरच्या बाजूने नखाएवढी खाच होती.

“फाटका न्हाई, पंत. मुद्दाम पाडलीया खाच.”

राजे खो खो हसले. “पंत, तुमचं नशीबच फाटकं! आमचा बघा, कसा अखंड आहे!”

“बरोबर आहे, सरकार.”

हौसा आमटी वाढू लागली. एक पळी राजांना, एक पळी पंतांना. दोन्ही द्रोण भरले. तरी ती वाढतच राहिली. पंतांच्या द्रोणातली आमटी खाचेपर्यंत चढली आणि तिथून बारीक धारेने गवतात जाऊ लागली.

“अरेरे! पंत, तुमची आमटी मुंग्यांना चालली! आमची बघा, थेंब बाहेर नाही!”

आणखी एक पळी. राजांच्या द्रोणात आमटी काठाला टेकली.

“पुरे, पोरी.”

आणखी एक.

“अगं, पुरे म्हटलं ना!”

“म्हाराज, ढग कंदी पुरे म्हटल्यावर थांबलाय व्हय?” हौसा म्हणाली आणि तिने पळी टाकून अख्खं भांडंच कलतं केलं.

द्रोणाचं ओलं पान मऊ पडलं, टाचलेली काडी सुटली, आणि फट्! सगळी आमटी राजांच्या मांडीवर! ती कोमट होती म्हणून बरं; हौसाला राजाला भाजायचं नव्हतं, नुसतं भिजवायचं होतं. राजे ताडकन उठले. शिपायांचे हात तलवारींवर गेले. तिमाने डोळे मिटून घेतले.

“बरोबर आहे, सर...” म्हणता म्हणता दिवाणांनी जीभ चावली.

“हे काय केलंस?” राजे ओरडले.

हौसाने रिकामं भांडं खाली ठेवलं. “म्हाराज, दोघास्नी सारखीच वाढली. पंतांनी थोडी सोडली, त्यांचा द्रोण अजून भरलेला हाय. तुमी थेंब सोडला न्हाई. आता बगा, तुमच्याजवळ काय ऱ्हायलंय!”

राजांनी पाहिलं. पंतांच्या द्रोणात खाचेपर्यंत आमटी होती. आपल्यापुढे नुसती पानं.

“आन् ही आमटी तुमच्या मांडीवर पडली, म्हाराज. धुतली की गेली. पर ह्यो बांध फुटला, तर ते तळं माझ्या पोरीच्या पाळण्यावर पडंल!”

राजांनी खालच्या वाडीकडे पाहिलं, काठोकाठ भरलेल्या तळ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पीतांबराकडे पाहिलं. पिवळ्यावर लाल, आणि गुडघ्यावर कढीपत्त्याचं एक पान! राजांचं पोट आधी हललं, मग खांदे हलले, आणि मग ते असे हसले की ओढ्याकाठचे बगळे उडाले.

“तिमा, काढ ते चिरे! आणि सांडवा दोन हात रुंद कर! पिऊ दे त्याच्या उसाला! पंत, लिहून घ्या. तळ्यालगतची पाच बिघे जमीन हौसाला. तळ्याची राखणही आजपासून तिच्याकडे. बांधाचा खडा हलवायचा तर तिला विचारून. आम्हीसुद्धा!”

“बरोबर आहे, सरकार!” या वेळी दिवाण मनापासून म्हणाले.

राजे तशाच ओल्या पीतांबराने पुन्हा पाटावर बसले. त्यांनी नवा द्रोण मागवला, नखाने त्याच्या काठाला छान खाच पाडली आणि हौसापुढे धरला.

“हं. वाढ आता!”